पुतळाबाईंच्या नळाचं पाणी

"माझी नात घाण पाणी पिऊन गेली. धम्मपालनं चावी फिरवून गटार सोडलं. तू तसं लिहून दे, पोलीस त्याला आत टाकतील," पुतळाबाई म्हणाल्या.

खासगी तपासनीस ऋतिकाने वही उघडली. तिचा सहकारी दौलत कुजबुजला, "सरळ केस हाय."

काल्हेरच्या त्या गल्लीत पाणी सकाळी तासभरच येई. ते सोडणारा वॉलमन धम्मपाल आठ दिवसांपासून निलंबित होता.

"चावीनं पाणी चालू-बंद होतं, मॅडम. गटार कसं जोडणार? पाणी तपासा," तो म्हणाला.

तिने तपासले. टाकीपाशी आणि गल्लीच्या तोंडाशी जंतू मारणारा क्लोरीन पुरेसा होता. पुतळाबाईंच्या नळाला शून्य. त्यांचा पाइप गटारातून गेला होता आणि एका जागी त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती.

नळाचं पाणी बिघडलं की ज्याचा धंदा वाढे, तो टँकरवाला केसरीनाथ हसला. "माझ्यावर डाऊट? धम्मपाल कामावर होता तेव्हाच एका शुक्रवारी लाइट नव्हती, तेव्हा म्हातारीला करंगळीएवढी धार आली, पण काचेसारखी. जाऊन इचारा!"

पुतळाबाईंनी ते कबूल केले.

"म्हणजे शुक्रवारी तो घाण टाकायला इसरला!" दौलत म्हणाला.

ऋतिका ओट्याखाली वाकली. तिथे नवीकोरी मोटर होती, थेट नळाच्या पाइपला जोडलेली.

"गेल्या महिन्यात घेतली," पुतळाबाई म्हणाल्या. "दोन हंड्यांसाठी पोर शाळा बुडवायची."

दुसऱ्या दिवशी ऋतिकाने सगळ्यांना त्यांच्या अंगणात बोलावले.

"ट्यूबखाली पाइप चिरलेला आहे. आत पाण्याचा दाब असतो तेव्हा चिरेतून पाणी बाहेर गळतं. मोटर येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त ओढू लागली की दाब संपतो आणि चिरेतून गटार आत येतं. घाणीत क्लोरीन संपतो, म्हणून तो फक्त या नळाला नाही. शुक्रवारी लाइट नव्हती, मोटर बंद होती, पाणी स्वच्छ आलं. धम्मपालनं काही केलेलं नाही."

दौलतने ओट्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

पुतळाबाई उठल्या. मग त्यांनी ऋतिकाचा हात धरला.

"पोरी, त्याचंच नाव लिही. मोटर मी लावलीय, आन् मला अजून जगायचं हाय."

ऋतिकाने हात सोडवून घेतला, अहवालावर सही केली आणि तो धम्मपालला दिला. त्याने कागदाची घडी घातली. पुतळाबाईंकडे बघण्याचे त्याला धाडस झाले नाही.