उसन्या नाकाची ब्रँडी

तिने नासपती उचलली, शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या नाकाखाली धरली आणि विचारलं, "जरा वास घेऊन सांगता का, पिकलीय का?"

फळबाजारात सकाळची गर्दी होती. खांद्यावर हत्यारांची पिशवी अडकवलेला तो माणूस आधी नासपतीकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.

"तुम्हाला सर्दी झालीय का?"

"आठ महिन्यांपूर्वी ताप आला होता. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. नाक जागेवर आहे, पण कामातून गेलंय."

तो हसला नाही. डोळे मिटून त्याने मनापासून वास घेतला.

"पिकलीय."

"एवढंच? गोड, आंबूस, फुलासारखा... काहीतरी असेल ना?"

"मी लिफ्ट दुरुस्त करतो. आमच्याकडे वास दोनच. वायर जळाल्याचा आणि वायर न जळाल्याचा."

तिला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी. आणि हसता हसताच तिने ठरवून टाकलं, की आपल्याला हवं ते नाक हेच. कौतुक न करणारं, फक्त बिघाड शोधणारं.

ती आत्याच्या बेकरीत केक करायची. आत्यानेच तिला लहानपणापासून वाढवलं होतं, आणि ओव्हनसमोर उभंही केलं होतं. पण वास गेल्यापासून दोनदा साखर करपली आणि तिला पत्ता लागला नाही. आत्या रागावली नाही, हेच जास्त लागलं. एक दिवस ती हळूच म्हणाली, "ठमे, मी एक बेकर बघतेय. तू काउंटर सांभाळ ना... तिथे तुझ्याइतकं गोड कोण बोलणार?"

ठमीने मान डोलावली. मनाशी मात्र खूणगाठ बांधली, काउंटरवर बसायचं नाही.

आत्याला फ्रेंच ब्रँडीचं भारी प्रेम. थोडी केकमध्ये, चमचाभर स्वतःला. डॉक्टरांनी आता ती कडक ब्रँडी बंद केली होती. हलकं काही कधीमधी चालेल म्हणाले होते. दोन महिन्यांनी आत्याची सत्तरी होती. तोवर तिच्यासाठी घरच्या घरी हलकी ब्रँडी करायची, असं ठमीने मनाशी पक्कं केलं. खरी ब्रँडी वाइनचा अर्क काढून ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरवतात. तिच्याकडे ना भट्टी, ना पिंप, ना वर्षं. म्हणून साध्या पांढऱ्या वाइनमध्येच मनुका, वाळवलेल्या नासपतीच्या चकत्या, व्हॅनिलाची शेंग आणि भाजलेल्या ओकच्या ढलप्या घालून बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवायची. जमलं, तर नाकाशिवायही आपल्याला हे काम येतं, हे आत्याला दिसेल.

बेकरीसमोरच्या इमारतीतल्या लिफ्टचं काम त्या बाजारातल्या माणसाकडेच निघालं. ठमीने त्याला गळ घातली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो बेकरीच्या मागच्या दाराशी येऊ लागला.

पहिल्या बरणीवर वाकून त्याने वास घेतला. "मोटर जळालीय."

"नीट सांगा."

"नीटच सांगतोय. लाकूड फार भाजलंत तुम्ही."

तिने बरणी मोरीत ओतली, तेही न कुरकुरता. तो बघतच राहिला. "दोन आठवड्यांची मेहनत होती ना ती?"

"होती. आता दुसरी करायची."

मग तो वासांचा अभ्यास करू लागला. लवंग, लोणी, भिजलेला पुठ्ठा, नवं पुस्तक... दिसेल ते हुंगायचा आणि येऊन सांगायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. तो बोलत असला की ती त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. त्याच्या ते लक्षात आलं की त्याचे शब्द अडखळायचे.

"असं बघू नकोस. वास विसरतो मी."

"मग डोळे मीट ना."

"मिटले तरी... तेच."

दुसरी बरणी उघडायच्या दिवशी आत्याने आणलेला नवा बेकर ठमीच्या ओट्याशी उभा होता. ती मागच्या दारात आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. त्याने बरणी हुंगली, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "छान झालीय."

बरणी घेऊन ती धावतच आत्याकडे गेली. आत्याने झाकण उघडलं आणि चेहरा वळवला.

"ठमे, ओल्या पायपुसण्याचा वास येतोय गं."

ढलप्या दमट राहिल्या होत्या, कुबटल्या होत्या. चवीला काही कळत नव्हतं. कळलं असतं ते फक्त नाकाला.

"तुला आला होता ना वास?" तिने परत येऊन विचारलं.

"आला होता. पण तुझा चेहरा बघून..."

"चेहरा बघायला मी तुला बोलावलं नव्हतं. दिलासा द्यायला सगळं जग आहे. मला नाक हवं होतं."

तिने दार लावून घेतलं.

आता शेवटचेच दोन आठवडे. तिने ढलप्या उन्हात वाळवल्या, हाताने मोडून बघितल्या, कडकन आवाज आल्यावरच भाजल्या. घड्याळ लावून, रंग बघून. नाक नाही तर कान, डोळे, बोटं होतीच की.

सत्तरीच्या सकाळी तिने स्वतःच जाऊन लिफ्टच्या दाराशी त्याला गाठलं. बाटली पुढे केली. त्याने बराच वेळ वास घेतला.

"मनुका. मधासारखं काहीतरी. लाकूड... पण नव्या कपाटाचं, जळकं नाही. शेवटी नासपती, अगदी पुसट." त्याने पुन्हा हुंगलं. "व्हॅनिला जरा जास्त झालाय."

"नक्की?"

"नक्की. आज तू रडलीस तरी हेच सांगेन."

तिने व्हॅनिलाची शेंग काढली आणि थोडी वाइन वाढवली.

दुपारी आत्याने पेला नाकाशी नेला. एक घोट घेतला.

"ब्रँडी नाही ही," आत्या म्हणाली.

"नाहीच."

"ब्रँडीची धाकटी बहीण आहे. वयाने लहान, पण वळण त्याच घरचं." तिने आणखी एक घोट घेतला. "सोमवारपासून तो बेकर तुझ्या हाताखाली. वास तो घेईल, काय करायचं ते तू सांगशील."

मागच्या अंगणात, सत्तरीला बोलावलेला लिफ्टवाला पेले विसळत होता. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. अगदी जवळ.

"मला कसला वास येतो, सांग."

"लोणी. भाजलेली साखर. आणि... पुढचं मला सांगता येणार नाही. तुझ्या बाबतीत माझ्या नाकाचा भरवसा उरलेला नाही."

"कधीपासून?"

"दुसऱ्या बरणीच्या आधीपासून. म्हणून तर खोटं बोललो."

तिने त्याच्या ओल्या हातातला पेला काढून घेतला. "माझं नाक परत येईल की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. जन्मभर विचारत राहीन तुला. दूध नासलं का, काही करपतंय का..."

"विचार की. खरं तेच सांगेन."

तिने हळूच त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. तो जरा अवघडला.

"शर्टाला ग्रीसचा वास आहे," त्याने सांगून टाकलं.

"असू दे," ती म्हणाली, आणि तिने डोकं उचललं नाही.