जो कोणी बाहेर असेल

हे ऐकीव नाही. माझ्या स्वतःच्या घरात घडलंय आणि मी एक शब्दही वाढवून सांगत नाहीये.

मी मालविका. आम्ही मूळचे नाशिकचे, राहतो कतारमध्ये, दोह्यातल्या अबू हमूर भागातल्या एका कंपाउंडमध्ये. मागच्या फेब्रुवारीतला शुक्रवार होता. नुकताच अंधार पडला होता. जवळच्या चर्चकडून परतणाऱ्या गाड्यांनी बाहेरचा रस्ता भरला होता.

माझी मुलगी नुपूर नववीत आहे. शाळेत तिला इतिहासाचं प्रेझेंटेशन द्यायचं होतं, मध्ययुगीन युरोपातल्या चर्चच्या सत्तेवर. हॉलमध्ये तिची तालीम चालली होती.

"आई, बिशप कुणालाही चर्चबाहेर काढू शकायचा. मग त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, जेवायचं नाही. मेला तर पुरायलाही जागा नाही. किंग्जसुद्धा घाबरायचे."

"म्हणजे वाळीत टाकायचे," मी म्हटलं.

"हो, तेच. घंटा वाजवायची, पुस्तक मिटायचं, त्या माणसाचं नाव घ्यायचं आणि मेणबत्ती विझवायची. आता नाव कुणाचं घेऊ?"

माझा नवरा गुरुप्रसाद सोफ्यावर मोबाइल बघत होता. "माझं घे की," तो हसत म्हणाला.

नुपूरने देवघरातली घंटा वाजवली. पुस्तक मिटलं. त्याचं पूर्ण नाव घेतलं आणि पेटती मेणबत्ती फरशीवर उलटी दाबली.

मेणबत्ती विझली...

गुरुप्रसादचं हसणं मध्येच तुटलं.

मी वळून पाहिलं.

सोफा रिकामा होता.

वाटलं, आत गेला असेल. बेडरूम पाहिली, किचन पाहिलं. कुठेच नाही. चपला दाराशी होत्या. गाडी जागेवर होती. गेटवरच्या खलीलला फोन केला.

"साहब तो बाहर नहीं आये, मॅडम."

मग गुरुप्रसादच्या मोबाइलवर रिंग दिली.

रिंग वाजली... हॉलमध्येच. सोफ्यावरून.

पण सोफ्यावर मोबाइल नव्हता.

नुपूर मला येऊन बिलगली. "आई, मी फक्त प्रॅक्टिस करत होते."

"परत कसं घ्यायचे ते लोक?"

"तो माणूस दाराबाहेर उभा राहायचा. बिशप हात धरून त्याला आत आणायचा."

मी दार उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं.

नुपूरने हात बाहेर धरला. भीतीने तिला नावही सुचेना.

"जो कोणी बाहेर असेल," ती कशीबशी म्हणाली, "त्याने आत यावं."

काहीच झालं नाही...

मग तिची बोटं हळूच मिटली. कुणीतरी हात धरावा, तशी.

ती एकेक पाऊल मागे घेत आत आली. मी दार लावलं.

"बाबांचा हात एवढा गार का आहे?" ती पुटपुटली.

"किती हाका मारायच्या तुम्हाला?"

आवाज मागून आला.

गुरुप्रसाद सोफ्यावर बसला होता. घामाने भिजलेला, घसा बसलेला. मी धावत जाऊन त्याला मिठी मारली. अंग गरम होतं.

त्याने सांगितलं, तो तिथून हललाच नव्हता. आम्ही त्याच्यासमोरून फिरत होतो. तो ओरडला, त्याने माझा दंड धरून हलवला, तरी मी वळले नाही. मला यातलं काही जाणवलं नव्हतं.

मग त्याने नुपूरकडे पाहिलं. ती अजून दाराशीच उभी होती. मूठ तशीच मिटलेली.

"मी तर इथे आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "मग तुम्ही आत कुणाला आणलंत?"

आम्ही अजून त्याच घरात राहतो. नुपूर हॉलमध्ये एकटी बसत नाही. कधी कधी मी जेवायला वाढते तेव्हा शेजारची रिकामी खुर्ची सरकते...

त्याला बाहेर काढायचं, तर नाव घ्यावं लागतं.

आणि त्याचं नाव आम्हाला माहीत नाही.