रिकाम्या वस्तीचा लोड

हार्डडिस्क मरायच्या आधी आवाज करती. टक. टक. जरा थांबून परत टक. आष्टीतल्या माझ्या दुकानात हा आवाज आला की गिऱ्हाईक घाबरतं आन मी खुश होतो. खरंच खुश होतो. मी कुठं क्लास केला न्हाई, जे येतं ते बिघडलेल्या डब्यांनीच शिकवलं.

तर ही गोष्ट एका वस्तीची. आष्टीपासून अकरा किलोमीटर, बावीस घरं. दिवाळी झाली की समदी ऊसतोडीला जातात. मागं राहती एकटी कौशल्याबाई, माझ्या दोस्ताची, रामेश्वरची आई. जाणारा प्रत्येकजण घराची चावी तिच्याकडं देऊन जातो. एकवीस चाव्या एका दोरीत, दोरी कमरेला. रोज सकाळी ती बावीस दारांत सडा टाकती. माणूस गावाला गेलं म्हणून दार कोरडं ठेवायचं न्हाई, असं तिथं मानतात.

यंदा वस्तीनं आठ कॅमेरे बसवून घेतले. बसवले मीच. तिथं नेट न्हाई, त्यामुळं फोनवर बघायची सोय न्हाई. जे काय रेकॉर्ड होतं ते कौशल्याबाईच्या घरातल्या डीव्हीआरमध्ये. वस्ती रिकामी, म्हणून मी शहाणपणा केला: काही हललं तरच रेकॉर्ड कर, असं सेट केलं. डिस्कला काम काय? नुसतं झोपायचं. म्हणून जुन्या कॉम्प्युटरमधली साधी डिस्क टाकली. चूक माझी, कबूल. पहिली तीन आठवड्यांत गेली. दुसरी टाकली.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी संध्याकाळी रामेश्वरचा कारखान्यावरून फोन आला.

"काय बे अंगद, तुजा डबा चालू हाय का बंद?"

"कावून, काय झालं?"

"विजयमालाच्या घराचं कुलूप उघडं सापडलं. फोडलेलं न्हाई, उघडलेलं. पेटीतलं सोन्याचं डोरलं गेलं. आईनंच बघितलं, तिनंच फोन करून सांगितलं, आन आता समदे तिच्यावरच आलेत. चावी तिच्याकडंच ना! आश्रुबा मुकादम म्हणतो, शुक्रवारी माणूस पाठवतो, चाव्या काढून घेतो. मला आन तुज्या करिष्मावैनीला टोळीतून काढणार. तू आजचं रेकॉर्डिंग दे भाऊ."

विजयमाला त्याच टोळीत. बाया ऊस तोडायला जाताना खोटं डोरलं घालतात, खरं घरी पेटीत ठेवतात. ते गेलं होतं.

मी गाडी काढली. डीव्हीआरजवळ बसलो आन ऐकू आलं. टक. टक.

"मावशी, ही बी गेली."

"मग माजं बी गेलंच म्हन की," कौशल्याबाई म्हणाली. हसली, पण दोरीवर हात घट्ट होता. "चाळीस वर्सं चाव्या संभाळल्या बाबा. एक वाटी हिकडची तिकडं न्हाई झाली."

तिथं माझ्या डोक्यात किडा वळवळला. साधी डिस्क मरती ती लोडनं. आठ कॅमेरे एकदम लिहायला लागले की. पण रिकाम्या वस्तीत लोड आला कुठून? अॅडॉप्टर तपासला. केबल बदलली. कॅमेऱ्यांवर कोळी बसलाय का बघितलं, कुत्री किती ते विचारलं. कुत्री दोनच, ती बी तिच्या दाराशी. डीव्हीआर लिहिण्याचा आलेख दाखवतो, तो उघडला आन मी उठून उभाच राहिलो. सकाळभर सपाट. साडेबाराला आठही कॅमेरे एकाच सेकंदाला चालू. दोनला परत सपाट. रोज. एक दिवस चुकला न्हाई.

रोज ठरल्या वेळेला! असला बिघाड मी जन्मात बघितला नव्हता. शपथ सांगतो, भीती न्हाईच वाटली, मला नाचावं वाटत होतं.

डिस्क दुकानात आणली. सगळी एकदम कॉपी मारली की टक-टक करून गायब व्हायची. मग समोर टेबलफॅन लावला, स्पीड पार खाली आणला आन चमच्या-चमच्यानं वाचायला लावली. थोडं वाचायचं, थांबायचं, गार होऊ द्यायचं. बुधवार गेला. गुरुवारी दुपारी मंगळवारची फाईल हाताला लागली. मी एकटाच दुकानात ओरडलो.

कॅमेरा सहा, विजयमालाचं दार. बारा वाजून एकतीस मिनिटं.

गल्ली मोकळी. ऊन. काही हललं की डीव्हीआर तिथं हिरवी चौकट काढतो. चौकटी होत्या. एक न्हाई, पंधरा-वीस. माणसाच्या उंचीच्या, काही लहान. गल्लीतून जात होत्या, हापशापाशी थांबत होत्या, दारांपाशी वळत होत्या. आत काहीच न्हाई. नुसतं ऊन.

सॉफ्टवेअरचा घोळ, म्हटलं. नक्कीच.

मग कौशल्याबाई आली, हंडा घेऊन. मोकळ्या गल्लीतून चालताना तिनं खांदा वळवला. परत वळवला. आपण आठवडी बाजारातून जातो तसं. एके जागी थांबून कुणाला तरी वाट दिली.

फाईल थांबवली. पाणी प्यायलो. परत लावली.

बारा चाळीस. कौशल्याबाई कॅमेरा तीनमध्ये, हापशावर, दोन्ही हात दांड्यावर. त्याच मिनिटाला कॅमेरा सहामध्ये विजयमालाच्या दारापुढं एक चौकट थांबली.

कुलूप हललं. उघडून कडीला लोंबकळलं.

दार आत गेलं.

मावशी सुटली! एवढंच आलं मनात. वेळ दोन्हीकडं छापलेली होती. दोन्ही तुकडे जोडून रामेश्वरला पाठवले, खाली लिहिलं: तुजी आई हापशावर हाय, नीट बघ. चोर दिसत न्हाई, ते मला विचारू नको.

त्यानं बघितलं. टोळीत समद्यांना दाखवलं.

शुक्रवारी मुकादमाचा माणूस यायच्या आधी नवी, चांगली डिस्क घेऊन मी वस्तीवर गेलो. बसवता बसवता विचारलं, "मावशी, तुमी चालताना बाजूला कावून होता?"

"कुटं?"

"गल्लीत. दुपारी."

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली न्हाई. "सवय हाय. गल्ली बारकी पडती."

मी राहिलेला स्क्रू आवळला.

एकच्या सुमाराला तिचा साधा मोबाईल वाजला. तिनं ऐकलं, एकदम डोळ्याला पदर लावला आन फोन माझ्याकडं दिला. "विजयमाला हाय. मुकादमाचा मानूस येत न्हाई म्हनती. तुज्याशी बोलायचंय."

तिकडून आवाज आला, जड, झोपेतल्यासारखा.

"अंगद भाऊ, मी समद्या टोळीला सांगितलं. मावशीचा दोस न्हाई. डोरलं माज्यापाशीच हाय."

"तुमच्यापाशी? कारखान्यावर?"

"मंगळवारी साडेबाराला जेवून समदी टोळी पडती तशी मी बी पाचटाच्या कोपीत जरा पडले. डोळा लागला. उठले तर गळ्यात. तीन दिस बोलले न्हाई, येडी म्हनतील म्हणून. तुमचं ते बघितलं, मग राहवलं न्हाई." तिचा श्वास लांब लांब येत होता. "मावशीला सांगा, चाव्या तिच्याकडंच राहू द्या."

"सांगतो ताई. ठेवू का?"

"ठेवा. आन भाऊ..."

"बोला की."

"ती गाडी जरा बाजूला घ्या. दारात आडवी लावलीय तुमी. आत जाता येईना मला."

मी कौशल्याबाईकडं बघितलं. तिनं सूप खाली ठेवलं होतं.

बाहेर गेलो. विजयमालाच्या दारात सावली होती म्हणून गाडी तिथंच आडवी लावलेली. ती ढकलत पलीकडं नेली आन भिंतीला टेकून उभा राहिलो, कुणाला अडचण नको म्हणून.