चाळीस मीटरवरचा दगड

तिसगावच्या वरच्या डोंगरात सोनं आहे की नाही, हे सोमवारच्या आत ठरवायचं होतं!

१९९६चा मे महिना. सायली साळवे खाणकंपनीत भूशास्त्रज्ञ होती. कंपनीने डोंगरमाथ्यावर तीन बोअर घेतले. पहिल्या दोन्हींत नुसता काळा पाषाण. तिसऱ्यात मात्र चाळीस मीटरवरच्या दगडाच्या भुग्यात सोनं असल्याचं प्रयोगशाळेनं कळवलं. पुण्याच्या साहेबांनी पेढेसुद्धा वाटले. आता सायलीची सही झाली, की आणखी तीस बोअर पडणार आणि माथ्यावरची बारा घरं उठणार. पण या पाषाणात सोनं? तिला पटेना. चाळीस मीटरवरून यंत्राने काढलेली दगडाची कांडी स्वतः पाहायला ती निघाली. बरोबर ड्रिलिंगचा मुकादम गोरक्षनाथ आणि वाट दाखवायला वस्तीवरचे रखमाजीबाबा. गाडीरस्त्यावर दरड कोसळलेली, म्हणून खिंडीची पाऊलवाट.

गोरक्षनाथाची सकाळपासून चुळबूळ चालली होती. "मॅडम, सोन्याचा कागद आलाय ना? मग दगड कशाला बघायचा?"

"कागदाला भिंग लावून काय दिसणार?" म्हणत सायली चढू लागली.

दोन्ही अंगांनी करवंदीच्या जाळ्या ओरबाडत होत्या, पायाखाली मुरूम सरकत होता आणि तापलेल्या कड्यावरून येणारा वारा भट्टीतून निघाल्यासारखा लागत होता. एका कपारीखाली सायलीचा पाय सटकला. ती दहा हात घसरली! खाली दरी! रखमाजीबाबांनी काठी पुढे केली.

"धरा ताई! सोडू नका!"

ती वर आली. तिच्यापेक्षा गोरक्षनाथच जास्त घाबरला होता. त्याने विडी पेटवली. नेमकी कपारीत लटकलेल्या आग्या मोहोळाखाली!

धूर वर गेला. मोहोळ उठलं!

"पडा खाली!" बाबांनी खांद्यावरची घोंगडी फेकली. तिघंही आत घुसली. गोरक्षनाथाचा एक पाय बाहेर राहिला. माश्यांनी तो बरोबर हेरला.

"आयो! मेलो!"

"बोंबलू नको," बाबा म्हणाले, "आनखी येत्यात!"

दुपारी तिघं कशीबशी माथ्यावर पोहोचली तेव्हा तो पाय भोपळ्याएवढा झाला होता. तंबूतल्या पेटीत कांड्या ओळीने मांडलेल्या. अडतीस, एकोणचाळीस... चाळीसची जागा रिकामी!

"चोरी!" गोरक्षनाथ घाईने म्हणाला. "चला मॅडम, खाली जाऊ."

इतक्यात शेजारच्या घरातून घरघर ऐकू आली. बाबांची सून लंकाबाई पाट्यावर मिरच्या वाटत होती. हातातला वरवंटा काळाभोर, गुळगुळीत, अगदी गोल. त्यावर रंगाने लिहिलेला आकडा अजून पुसटसा दिसत होता : ४०!

"आमचा फुटला हुता," लंकाबाई म्हणाली. "तुमच्याकडं एवढे पडलेत, म्हनून एक आनला. मसाला लई बारीक निघतो!"

दगड ओला केला की त्यातले कण उठून दिसतात. सायलीने सवयीने तो थेट जिभेला लावला आणि उडालीच! डोळ्यांतून धारा लागल्या.

लंकाबाईने ताकाचा तांब्या पुढे केला. "भूक लागली तर भाकर देते की, ताई. दगड कशाला चाटता?"

ताक पिऊन, दगड धुऊन सायलीने भिंग फिरवलं. रेघ नाही, चमक नाही. मग तिने पिशवीतून भुग्याची उरलेली पुडी काढली. तिच्यात पिवळे कण होते. पण बारीक वळलेले, कानशीने घासल्यासारखे!

तिने गोरक्षनाथाकडे पाहिलं. त्याने आपलं रिकामं बोट पुढे केलं.

"अंगठी घासून भुग्यात मिसळली, मॅडम. लग्नातली. धा वर्सं कर्नाटक, राजस्थान फिरलो. पहिल्यांदाच घराजवळ काम लागलं. रोज पोरींसंगं जेवत हुतो... काम बंद पडू नये, एवढंच मनात हुतं."

सायलीचा राग ओठांपर्यंत आला आणि तिथेच अडला. "बारा घरं उठली असती, गोरक्षनाथ."

"म्हंजे माझ्या चुलीतनं भोक पाडनार हुतास व्हय?" लंकाबाई कडाडली. तिने त्याच्या पायाला हळद लावली; भाकरी मात्र बराच वेळ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी तिसगावच्या एसटीडी बूथवरून सायलीने पुण्याला फोन लावला. "साहेब, सोनं नाही."

"मग प्रयोगशाळेला सापडलं ते काय?"

तिने रिसीव्हर गोरक्षनाथापुढे धरला. एका पायावर उभं राहून त्याने घसा खाकरला, डोळे मिटले.

"साहेब," तो म्हणाला, "आधी खुर्चीत बसून घ्या."