एल्डनच्या मानेची किंमत

पोरांनो, दिवा नका लावू, चांदणं पुरे आहे. हे माझ्या ओळखीच्या वेंडेल क्रोच्या बाबतीत घडलं. इथंच, अलाबामात, गेल्या नोव्हेंबरच्या चौदा तारखेला, गुरुवारी. वेंडेल विमा कंपनीचा माणूस. गाडीनं कुणाला ठोकलं की जखमीचा दावा कितीत मिटवायचा, ते तो ठरवायचा.

त्या रात्री साडेनऊला तो एल्डन पिकेटच्या घरी तडजोडीच्या कागदावर सही घ्यायला गेला. वेंडेलच्या कंपनीचा विमा असलेल्या ट्रकनं एल्डनच्या गाडीला मागून धडक दिली होती. मानेचं ऑपरेशन लागेल का, हे डॉक्टर अजून सांगत नव्हते. ते कळल्याशिवाय आकडा काढूच नये. दवाखान्याची बिलं, बुडालेला पगार, पुढचे उपचार आणि भोगलेल्या वेदना, सगळं त्यात धरावं लागतं. पण एल्डनची वीज सोमवारी तोडणार होते. तो थांबू शकत नाही, हे कंपनीला पक्कं ठाऊक होतं.

"नऊ हजार डॉलर," वेंडेल म्हणाला. "सही केलीस की चेक तुझा."

"आणि नंतर ऑपरेशन निघालं तर?"

"ते तुझं तू बघायचं."

"साहेब, मला शर्ट घालता येत नाही. बायको घालते, लहान पोराला घालावा तसा. थोडं तरी वाढवा."

"अरे, तू तर ठणठणीत होतास."

त्यानं मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशीचा फोन. आपल्याकडं कुणी 'कसा आहेस' विचारलं की उत्तर ठरलेलं. मान मोडली तरी तेच.

"कसे आहात, मिस्टर पिकेट?"

"एकदम ठीक, सर. थँक्यू."

वेंडेल हसला. "आता सांग, वेदनेचे किती लावू?"

उजवा हात उचलत नव्हता, म्हणून एल्डननं डाव्या हातात पेन घेतलं.

रेकॉर्डिंग तिथंच संपायचं. संपलं नाही. खरखर... मग एका म्हातारीचा आवाज. अगदी जवळून.

"मीसुद्धा हेच म्हणाले होते..."

वेंडेल पांढराफटक पडला. आवाज ओफेलिया गेन्सचा होता. तिचाही दावा वेंडेलनंच मिटवला होता. तीही फोनवर 'एकदम ठीक' म्हणाली होती. बाराशे डॉलरवर तिनं सही केली, तेव्हा डोक्यात रक्त साचत होतं. तिला पुरून तीन वर्षं झाली होती.

"कोण आहे ही?" एल्डननं विचारलं.

वेंडेलनं कागद ओढून घेतले. "सही करू नकोस. वकील गाठ."

तो गाडीत बसला. निघाला.

टिंग... टिंग...

शेजारी कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की वाजतं ते. सीट रिकामी. तो थांबला, सीटवर हात फिरवला. काही नाही. पुन्हा निघाला.

टिंग... टिंग...

शेवटी त्यानं अंधारात पट्टा ओढला. रिकाम्या सीटवर. लावला.

शांत.

एल्डनला ऑपरेशन लागलंच. वकिलानं ऑपरेशनचे आणि वेदनेचेही पैसे वसूल केले. उजवा हात मात्र अजून खांद्यापर्यंत जात नाही. त्याचा भाव कुणी काढायचा, सांगा.

दुसऱ्या दिवशी वेंडेलनं गाडी माझ्या गॅरेजात आणली. "पट्टा निघत नाही, लायल," म्हणाला. आणि पायी घरी गेला.

मी दार उघडलं. पट्टा सीटला टेकलेला नव्हता. वीतभर पुढं. ताणलेला. मागं काहीच नाही...

कापायला कात्री लावली.

पट्टा हळूच वर आला. मग खाली गेला. मग पुन्हा वर... झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.