बाकीचं उद्या

आत्मचरित्रांबद्दल लिफ्टसाहेबांचं मत असं होतं की, ती लिहिणाऱ्यांचं बालपण हालाखीत जातं, तारुण्य झगडण्यात जातं, आणि या सगळ्या काळात त्यांच्या हातून चूक म्हणून होत नाही. कादंबऱ्यांबद्दलचं मत याहून वाईट होतं. एका जाडजूड कौटुंबिक कादंबरीवर त्यांनी शेरा मारला होता, 'प्रत्येक मजल्यावर थांबते.' दुसऱ्या एकीवर, 'दार उघडतं, बंद होतं, लिफ्ट मात्र जागची हलत नाही.'

इमारतींमधल्या लिफ्ट तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या खात्यातून साहेब निवृत्त झाले होते. दोर, ब्रेक आणि दाराची खिट्टी यांच्यापलीकडे त्यांचा फारसा कशावर विश्वास नव्हता. हाताने ओढून पाहता येत नाही अशा कशावरही त्यांनी कधी सही केलेली नव्हती.

घरात वाचनाचं खातं बायकोकडे होतं. ती दिवसा वाचायची आणि संध्याकाळी जेवताना गोष्ट सांगायची. हे जेवायचे आणि ऐकल्यासारखं करायचे. मधेच, ताटावरची मान न उचलता, ठरलेला प्रश्न टाकायचे, "शेवटी मरते का ती?" मग ती चष्मा काढायची, काचांवर तोंडाची वाफ सोडायची, आधी डावीवर, मग उजवीवर, आणि बाहीला पुसत म्हणायची, "बाकीचं उद्या."

शेवटची जी गोष्ट तिने सांगायला घेतली, ती एका बाईची होती. बाई रिळाचा दोरा आणायला म्हणून घरातून निघते आणि परतताना तिला घर सापडत नाही. रस्ते तेच, दुकानं तीच, फक्त घर येत नाही. साहेबांनी विचारलं, "मरते का?"

"बाकीचं उद्या."

उद्या नेहमीसारखा उजाडला. ती उठली नाही.

माणसं आली, बसली, गेली. लेक महिनाभर राहिली आणि आपल्या गावी परतली. त्यानंतर एके दिवशी एकटं जेवताना साहेबांचा घास हातातच राहिला. त्या बाईला घर सापडलं का?

एवढ्याचसाठी त्यांनी बायकोचं वाचनालयाचं कार्ड खिशात घातलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिथला जिना चढले.

"पुस्तकाचं नाव?" टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं. त्या नव्याने नोकरीला लागल्या होत्या.

"माहीत नाही. एक बाई घराबाहेर पडते आणि हरवते."

"काका, अशा तर निम्म्या कादंबऱ्या आहेत. उरलेल्या निम्म्यात पुरुष हरवतो."

बाईंनी कॉम्प्युटरवर कार्डाचा नंबर टाकून पाहिला. बायको गेली त्या दिवसांत तिच्या नावावर एकही पुस्तक नव्हतं.

मग साहेबांनी नव्या पुस्तकांचं कपाट एका टोकापासून तपासायला घेतलं. दर रविवारी लेकीला फोन करून ते निकाल कळवू लागले.

"या आठवड्यात एका नटीचं आत्मचरित्र वाचलं. तीन लग्नं केली, तिन्ही वेळा चूक नवऱ्याची."

"बाबा, तुम्हाला आवडत नाही तर वाचता कशाला?"

"तपासतोय," साहेब म्हणाले.

पुढचं आत्मचरित्र जहाजावरच्या एका आचाऱ्याचं होतं. लेखकाला कांदा चिरण्यापलीकडे डोळ्यांत पाणी आणता येत नाही, असा शेरा साहेबांनी मनाशी तयारही ठेवला होता. मधल्या एका प्रकरणात आचारी बंदरावरच्या खाणावळीत एकटाच बसलेला असतो. शेजारच्या टेबलावर एक बाई आपल्या माणसाला गोष्ट सांगत असते. दोरा आणायला गेलेली बाई फिरून फिरून दमते, मग तिला घड्याळ दुरुस्तीचं दुकान दिसतं, आणि तिला आठवतं की आपण इथूनच वळायचो. पुढचं आचाऱ्याला ऐकू आलं नाही. बाईने चष्मा काढून पुसला आणि ती म्हणाली, 'बाकीचं उद्या.'

साहेबांनी पान उलटून पाहिलं. आचारी जहाजावर परतला होता आणि रश्शात मीठ जास्त झालं होतं.

साहेबांच्या गल्लीच्या तोंडाशी घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं.

"योगायोग," लेक फोनवर म्हणाली. "बाकीचं उद्या काय, कुणीही म्हणतं. आमच्या ऑफिसातले साहेब तर रोज म्हणतात."

साहेबांनाही हेच पटत होतं. पण ते त्याच दुपारी पुढचं पुस्तक घेऊन आले. ती गुप्तहेराची कादंबरी होती, खुनी पहिल्याच प्रकरणात ओळखू येणारी. गुप्तहेर संशयिताची वाट पाहत उपाहारगृहात बसतो, आणि पडद्याआडून एका बाईचा आवाज येतो. ती गोष्ट पुढे नेत असते. बाई वळते, इमारतीशी पोहोचते. लिफ्टवर 'बंद आहे' अशी पाटी असते. मग ती जिन्याने चढते, पहिल्या वळणावर दम खायला थांबते.

बायको पहिल्या वळणावर थांबायची. नवरा जन्मभर गावाच्या लिफ्ट तपासतो आणि आपली बंद, असं तिथे उभी राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची.

त्यानंतर साहेबांची मतं बिघडली. चांगल्या कादंबऱ्या ते अर्ध्यात टाकू लागले. एका अत्यंत रटाळ पुस्तकाची त्यांनी फोनवर इतकी स्तुती केली, की लेक रजा टाकून आली.

"दाखवा ते पान."

त्यांनी दाखवलं. एक निवृत्त न्यायाधीश आगगाडीच्या डब्यात बसलेले. समोर एक जोडपं डबा उघडून जेवतंय. लेक उभ्याउभ्याच वाचू लागली, आणि वाचता वाचता खाली बसली. पान होतं. अक्षरं छापलेली होती. त्यात बाई घराच्या दाराशी आली होती.

"आई अशीच सांगायची," लेक म्हणाली.

"म्हणजे तुलाही पटतंय..."

"बाबा, समोरचा तो माणूस बघितलात? गोष्ट सांगून होईपर्यंत तो एकदाही मान वर करत नाही."

साहेबांनी तो माणूस बघितला नव्हता.

"आता पुढचं पुस्तक नका आणू," लेक म्हणाली.

"दारापर्यंत आलीय ती. एवढ्यावर कसं सोडू?"

"शेवट झाला की संपेल हो सगळं. मग काय कराल?"

साहेबांनी पुस्तक मिटून ठेवलं.

लेक गेली. ते काही दिवस वाचनालयाच्या दारावरूनच मागे फिरले. गोष्ट संपेपर्यंत बायको कुठल्या ना कुठल्या टेबलाशी बसलेली होती. संपली की ती उठणार. पण गोष्टीत दाराशी उभ्या असलेल्या बाईला तसंच उभं ठेवणंही त्यांच्याने होईना. शेवटी एका दुपारी ते जिना चढले. कपाटात शेवटचं एकच नवं पुस्तक राहिलं होतं, ते त्यांनी हेरून ठेवलं होतं.

त्याची जागा रिकामी होती.

"ते कालच तुमच्याकडे गेलं की," बाई म्हणाल्या. "तुमच्याच नंबरावर."

साहेबांनी खिसा चाचपला. कार्ड खिशात होतं.

"कार्ड नव्हतं काकूंकडे, पण नंबर तोंडपाठ. घरच्याच आहेत म्हणून दिलं. चूक झाली का काका?"

"काय म्हणाल्या?"

"हसल्या. म्हणाल्या, त्यांना नुसता शेवट हवा असतो, मी वाचून सांगीन." बाईंना काहीतरी आठवलं. "चष्मा विसरल्या होत्या पण. पुस्तकाचं नावसुद्धा मीच वाचून दाखवलं."

साहेब घरी आले. पहिल्या वळणावर, कधी नव्हे ते, थांबले.

घरात सगळं जागच्या जागी होतं. पुस्तक कुठेही नव्हतं. त्यांनी कपाटाचा खण उघडला. चष्मा त्यात होता, वर्षभर कुणी हात न लावलेला. काचांवर धूळ होती, ती त्यांनी पुसली नाही. पुसायची तिची पद्धत वेगळी होती.

दिवेलागणीला त्यांनी दोन ताटं मांडली. चष्मा पलीकडच्या ताटाशी ठेवला, काड्या उघडून, उचलायला सोपा जाईल असा. बाहेरच्या दाराची खिट्टी काढली. आयुष्यभर ते ही खिट्टी रोज ओढून पाहत आले होते.

मग बसले. अन्न निवत चाललं. जिन्यात कसलाही आवाज नव्हता.

जुना प्रश्न तोंडाशी आला. तो त्यांनी गिळला.

"शेवट राहू दे," ते म्हणाले. "सुरुवातीपासून सांग."

आणि त्यांनी मान वर केली.

पलीकडच्या ताटाशी आधी डावी काच धुरकट झाली. मग उजवी.