चतुर्थीलाच पेटणारा दिवा

इंजिन सुरू झालं की ऑइलचा लाल दिवा विझायला हवा. तो विझला नाही.

"मेल्या, आजच?" निवृत्त फौजदार श्रीपाद गुप्त्यांनी स्टिअरिंगवर मूठ आपटली आणि इंजिन बंद केलं.

आज अंगारकी. संध्याकाळी नातवाला टिटवाळ्याच्या गणपतीच्या पायावर घालायचं, तेही आपल्या जुन्या फियाटमधून, असं त्यांनी बाळंतपणाला आलेल्या लेकीला, शुभदाला छातीठोकपणे सांगितलं होतं. पोर जन्मल्यापासून आजोबांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पण इंजिनात तेल पोचत नाही असं दिवा सांगत असताना तान्ह्या पोराला घेऊन रस्त्याला कोण लागेल?

बरं, दिवा रोज पेटता तर गोष्ट वेगळी. भाजीला गाडी काढा, गप्प. बँकेत जा, गप्प. टिटवाळ्याचं नाव निघालं की चतुर्थीच्या सकाळी हा हजर! उन्हाळ्यात हा दिवा लावणारा ऑइलचा स्विच खरंच गेला होता. तो मानपाड्याच्या तानाजी मेकॅनिकने इथेच, बिल्डिंगच्या आवारात बदलला होता. तेव्हा सगळं घर भोवती चहा पीत उभं होतं आणि तानाजीने वायर काढून इंजिनाला टेकवून, दिवा कसा पेटतो ते कौतुकाने दाखवलं होतं. मग पुन्हा हा छळ कशाला?

गाडीला कुलूप घालून, चावी घरात ठेवून श्रीपादराव चिडचिडत तानाजीला आणायला गेले. तासाभराने तानाजीने चावी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि दिवा शहाण्यासारखा विझला.

"साहेब, गाडी ओके आहे."

"दर वेळी तू आलास की कशी ओके होते रे?"

"आता मी काय सांगू?"

"मग मी सांगतो. रात्री येऊन काहीतरी करून जातोस. इंजिन उघडायचं काम मिळावं म्हणून!"

तानाजीचा चेहरा पडला. "बॉनेटचा खटका आत, स्टिअरिंगखाली आहे, साहेब. गाडीला कुलूप. चावी माझ्याकडे कधी होती?"

कितीही राग आला तरी मुद्दा बिनतोड होता. डोळे बारीक करून श्रीपादराव इंजिनावर वाकले आणि वायरीवरून बोट फिरवू लागले. स्विचच्या टोकाशी बोटाला काहीतरी चिकटलं.

"हे काय आहे?"

"पांढरं दिसतंय. बॅटरीची बुरशी असेल."

"बॅटरी त्या बाजूला आहे. आणि ही ओली कशी?" त्यांनी बोट नाकाशी नेलं. साजूक तुपाचा वास होता.

चावी काढून घेऊन ते ताडताड घरात गेले. शुभदा बाळाला झोपवत होती.

"चावी कुठे होती?"

"देवाजवळच्या खिळ्याला, बाबा. नेहमीसारखी."

"मी गेल्यावर खाली कोण गेलेलं?"

"आई गेली होती, दूर्वा आणायला."

"दूर्वा तर मी पहाटेच आणल्यात."

शुभदा आईकडे बघू लागली. स्वयंपाकघरात शीलाबाई मोदकांची उकड मळत होत्या. तुपाचा हात लावून, मनगटापर्यंत पांढऱ्या. मागोमाग आलेला तानाजी दारात उभा होता.

श्रीपादरावांचा आवाज खाली आला. आरोपी सापडला की तो तसाच खाली यायचा.

"चावी घरात, म्हणजे माणूस घरातला. पहाटे वायर काढून बोल्टखाली खोचायची, मी तानाजीकडे निघालो की जागेवर लावायची. कशी, ते उन्हाळ्यात तू पाहिलंसच. आज घाई झाली, हात धुवायचे राहिले. शीला, वायरीला उकड लागली आहे."

"हो. मीच."

"माझ्या नातवाच्या दर्शनात खोडा घालायला? अगं, या माणसाला मी चोर ठरवायला निघालो होतो! का?"

शीलाबाई परातीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पावसाळ्यातली चतुर्थी आठवते? टिटवाळ्याहून आलो आणि गच्चीवर गेलो."

आठवत कशी नव्हती! सगळी बिल्डिंग ढगांकडे माना वर करून उभी असताना चंद्र पहिला त्यांनीच शोधला होता. फौजदाराची नजर म्हणून ते पुढे कितीतरी दिवस मिरवत होते.

"तो चंद्र नव्हता हो. कारखान्याच्या टाकीवरचा दिवा होता."

शीलाबाईंनी परात बाजूला सारली.

"तुम्ही हात जोडलेत, म्हणून मीही जोडले. चारचौघांत कशी बोलणार? खाली येऊन तुमच्याबरोबर उपास सोडला. लग्नापासून धरलेली चतुर्थी, चंद्र न बघता मोडली. मग उमगलं, येताना कल्याणच्या पुलावर त्या सायकलवाल्याला तुम्ही का घासून गेलात. डॉक्टरांना डोळे दाखवा म्हटलं की तुम्ही भांडी आपटता. दिव्याचं तरी ऐकाल, असं वाटलं. आज तर मांडीवर बाळ असणार होतं."

श्रीपादरावांना आधी संताप आला. भर घरात, लेकीसमोर, मेकॅनिकसमोर! तोंडातून ओरडा निघणार एवढ्यात त्यांनी दाराकडे पाहिलं. तिथे तानाजी उभा आहे हे त्यांना माहीत होतं, पण त्याचा चेहरा काही केल्या दिसत नव्हता. दिसत होता तो नुसता उजेडातला काळा ठिपका. असे ठिपके ते गेले वर्षभर माणसं म्हणून चालवून घेत होते. राग कुठल्या कुठे गेला.

आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे कबुलीजबाब घेतले होते. आता त्यांनी स्वतःच चावी पुढे केली.

"तानाजी, मघाशी बोललो ते चुकलं माझं. संध्याकाळी गाडी तू चालव. मला दिसत नाही रे."

तानाजीने जवळ येऊन चावी घेतली.

"किती वाजता येऊ, साहेब?"